रेवणअप्पाचा आकडा

रेवणअप्पाला आयुष्यात कुणाचं वाईट चिंतायचं नव्हतं. फक्त एका माणसाचं थोडंसं चिंतायचं होतं, आणि तेही बारा महिने नाही, पावसाळ्यातच.

तो माणूस म्हणजे माजलगावच्या धान्याच्या मोंढ्याच्या कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणारा रहमतुल्ला. दोघांमध्ये बांधाचं भांडण नव्हतं, घराला घर लागून नव्हतं, जुनी कसली सोयरीकही मोडलेली नव्हती. दोघं पाऊस मोजत, एवढंच.

अप्पाचं पूर्ण नाव रेवणसिद्ध. एका हायस्कुलात तो प्रयोगशाळेचा परिचर होता. परीक्षानळ्या धुवायच्या, हाडांच्या सांगाड्यावरची धूळ झटकायची, बेडकांच्या बरण्या पोरांच्या हातापासून वाचवायच्या, असं ते काम. पण त्याचा जीव होता शाळेच्या मैदानात तारेचं कुंपण घालून बसवलेल्या पर्जन्यमापकात. अप्पा त्याला नुसतं ‘डबा’ म्हणे. वर नरसाळं, आत बाटली. सकाळी बरोबर साडेआठला बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, खाली वाकून डोळा पाण्याच्या रेषेला आणायचा, आकडा रजिस्टरात लिहायचा आणि वर कळवायचा. पाऊस नसला तरी जायचं आणि शून्य लिहायचं. आपल्या भागात शून्यंच जास्त. लग्नाच्या दिवशी अंगाला हळद लागलेली असताना अप्पा मांडवातून उठून शाळेत गेला आणि वैशाखातलं एक शून्य लिहून परत आला. त्या पानावर हळदीचं बोट उमटलेलं आहे. नवरी मुलगी जगदेवी, तिनं तेव्हाच ओळखलं की आपल्याला सवत आहे आणि ती पत्र्याची आहे.

रहमतुल्लाचा डबा कालव्याच्या ऑफिसच्या आवारात होता, शाळेपासून जेमतेम दीड किलोमीटरवर. तो काही त्या ऑफिसातला नोकर नव्हता. तिथल्या साहेबाचं घड्याळ दुरुस्त करून देताना त्यानं साडेआठ म्हणजे नेमके किती हे साहेबाला इतकं समजावून सांगितलं, की साहेबानं डब्याचं कामच त्याच्या गळ्यात घातलं. सालही तेच, चौऱ्याऐंशी. दोघांनी एकाच पावसाळ्यात मोजायला सुरुवात केली.

आणि गाव मात्र रहमतुल्लाला विचारायचं!

हे अप्पाला कधी सोसलं नाही. सकाळी नवाच्या सुमाराला रहमतुल्ला दुकान उघडायचा आणि बाहेर खिळ्याला एक पाटी टांगायचा. पाटीवर खडूनं आकडा. मोंढ्यात जाणारे आडते, बियाणंवाले, रिक्षावाले, दुधाच्या कॅनवाले, सगळे पाटीकडे मान वळवून जायचे. ‘रहमतभाईचा आकडा’ असा शब्दच पडला होता गावात. पेपरवालाही तिथलाच आकडा उचलायचा. शाळेचा डबा मोकळ्या मैदानात, नियमानं बसवलेला, अप्पाचा आकडा नवाच्या आधी सरकारदरबारी पोचलेला, तरी त्याचं नाव कुणाच्या तोंडात नाही. बरं, पाटी लावायला अप्पाला कुणी नको म्हटलं होतं का? नव्हतं. पण दुसऱ्यानं लावलेली पाटी बघून आपण पाटी लावणं म्हणजे हार मानणं, असं त्याचं गणित होतं.

त्यात आणखी एक काटा होता. अप्पाच्या मनगटावरचं घड्याळ वर्षातून एकदा मागं पडायचं आणि ते दुरुस्त करायला गावात एकच माणूस होता. म्हणजे अप्पा ज्या साडेआठच्या जिवावर छाती काढून चालायचा, ते साडेआठसुद्धा रहमतुल्लानं लावून दिलेले.

पाऊस झाला की रहमतुल्ला दुकानाकडे जाताना शाळेच्या फाटकाशी सायकल टेकवायचा आणि आत हाक द्यायचा, “अप्पा, किती झाला?”

अप्पा आकडा सांगायचा. रहमतुल्ला मान हलवून म्हणायचा, “जुळतंय,” आणि जायचा. दोन-चार मिलिमीटरचा फरक असायचा, त्याहून जास्त नाही.

“बघितलंस? माझ्यावर तपासणीस बसवल्यागत येतोय,” अप्पा घरी जळफळायचा.

“अवं, इचारतो तर बरंच हाय की,” जगदेवी म्हणायची. “गावात दुसरं कोन इचारतंय तुमाला?”

हे ऐकून त्याचा आणखीच तिळपापड व्हायचा, कारण ते खरं होतं.

वीस वर्षांपूर्वीच्या एका भाद्रपदात, पहाटे, पाऊस झाला. चांगला दणक्यात झाला. गडगडाट एवढा की शाळेच्या पत्र्याखाली झोपलेला वॉचमन बाक डोक्यावर घेऊन बसला होता. सकाळी अप्पानं बाटली ओतली, वाकून पाहिलं. बावन्न पॉइंट चार. त्यानं तसं लिहिलं. लिहून पेन उचललं, आणि पेन तिथंच थांबलं.

आज रहमतुल्लाच्या पाटीवरही पन्नास-बावन्नच असणार. लोक तिकडेच बघणार. पेपरात तोच येणार. आपण पन्नास लिहिले काय आणि पाच लिहिले काय, कुणाच्या बापाला पडलंय.

अप्पानं ५२.४ च्या अलीकडे एक १ काढला.

एवढंच. एक फटकारा. खाडाखोड नाही, शाईही तीच. आकडा झाला १५२.४, आणि फोनवर तोच गेला.

एवढा मोठा आकडा बघून वरच्या ऑफिसानंच तो पेपरवाल्याला कळवला आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, ‘माजलगावात विक्रमी पाऊस’. बातमीत अप्पाचं नाव, शेजारी डब्याजवळ उभा असलेला त्याचा फोटो. आणि गावाची गंमत बघा. ज्यांनी त्या पहाटे स्वतःच्या अंगणात पन्नाशीचा पाऊस पाहिला होता, त्यांना पेपर वाचल्यावर दीडशेचा आठवायला लागला. कुणाच्या न्हाणीत गुडघाभर पाणी आलं होतं, कुणाची शेळी वाहत वाहत वाचली होती. आकडा छापून आला की माणूस आपल्या डोळ्यांवरसुद्धा अविश्वास दाखवतो. चार दिवस अप्पा रस्त्यानं जाताना लोक थांबवत होते. त्या चार दिवसांसारखं सुख त्याला ना लग्नात मिळालं, ना पोरगं झाल्यावर.

पाऊस झाला त्याच दिवशी दुपारी, सकाळी फाटकाशी आकडा ऐकून गेलेला रहमतुल्ला पुन्हा शाळेत आला होता. फाटकाशी नाही थांबला, आत आला. खिशातून दोरी काढून त्यानं अप्पाच्या डब्याचं तोंड मोजलं, कुंपणाभोवती एक चक्कर मारली, वर पाहिलं, बाजूला पाहिलं. अप्पानं रजिस्टर पाठीमागं धरलं.

“जागा लई मोकळी हाय तुमची,” रहमतुल्ला एवढंच बोलला आणि सायकल घेऊन गेला.

पुढं आठवड्याभरात अप्पाच्या कानावर आलं की रहमतुल्लानं आपला डबा आवारातून उचलून ऑफिसच्या गच्चीवर नेला. मग काय विचारता! महिनाभर अप्पानं घर डोक्यावर घेतलं. “गच्चीवर चढवला! आभाळाच्या जवळ गेला म्हनजे मोठा आकडा येईल काय? लई शहाणा!” त्यानं हेडमास्तरांकडे शाळेच्या गच्चीची परवानगीही मागून पाहिली. डबा जमिनीवरच हवा असा नियम आहे, असं त्यांनी दाखवल्यावर तो गप्प बसला. आणखी थोड्या दिवसांनी मोंढ्यावरची पाटी उतरली. दुकान होतं, रहमतुल्ला होता, खिळा होता, पाटी नव्हती. अप्पाला वाटलं, रुसला. आता लोक आपल्याकडे येतील. पण लोक आले नाहीत. त्यांनी विचारणंच सोडून दिलं.

रहमतुल्ला मात्र येत राहिला. “किती झाला, अप्पा?” आकडा ऐकून पूर्वीसारखं ‘जुळतंय’ म्हणायचा नाही. “बरं,” म्हणायचा आणि पायडल मारायचा. त्याचा आकडा आता नेहमीच अप्पापेक्षा कमी भरायचा, आणि अप्पाला त्यातही गोडी वाटायची.

अशी वर्षं गेली. अप्पा निवृत्त झाला. रहमतुल्लाचे हात थरथरायला लागले. त्याच्या दुकानात मुलगा अल्ताफ मोबाइल दुरुस्त करू लागला. कालव्याचं ते ऑफिस पाडून रस्ता रुंद झाला. पाऊस मोजायला खांबावरचं यंत्र आलं. ते स्वतःच मोजतं, स्वतःच कळवतं, आणि माणसाला साडेआठला तिथं असायची गरज नाही. अप्पा त्या यंत्रावरही थोडे दिवस जळला, पण यंत्रावर जळण्यात मजा नाही, समोरून काही येत नाही.

गेल्या दिवाळीनंतर स्वप्नाली आली.

स्वप्नाली शिरूर कासारची. आईबाप ऊसतोडीला जाणारे. तिचं निम्मं बालपण कारखान्याच्या कोप्यांवर, पाचटाच्या झोपड्यांत, गेलेलं, आणि आता विद्यापीठात जिल्ह्याच्या पावसाच्या इतिहासावर ती पुस्तक लिहीत होती. हाती डबा घेऊन पाऊस मोजणाऱ्या माणसांची जुनी रजिस्टरं ती गावोगाव शोधत होती. माजलगावात आली तशी ती आधी कुणाकडे गेली असेल?

चार दिवस ती रहमतुल्लाच्या घरी बसली. अप्पाला रोजची खबर होती. पहिल्या दिवशी त्यानं जेवणात मीठ जास्त झालं म्हणून कुरकुर केली, दुसऱ्या दिवशी कमी झालं म्हणून. तिसऱ्या दिवशी दारात खुर्ची टाकून, मांडीवर छत्तीस रजिस्टरांचा गठ्ठा घेऊन तो रस्त्याकडे बघत बसला. चौथ्या दिवशी जगदेवीनंच निरोप धाडला, की बाई, आमच्याकडे येऊन जा, नाहीतर आमच्या माणसाचं काही खरं नाही.

स्वप्नाली आली, भाकरी खाऊन, रजिस्टरांचा गठ्ठा घेऊन गेली, आणि अप्पाच्या मनात बसली. तिनं हळदीचं बोट असलेलं पान दोनदा उलटून पाहिलं. बोलताना ती सहज सांगून गेली, की पाऊस मोजणं हे काही विलायतेनं शिकवलेलं नाही. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे धान्याच्या कोठारापुढे भांडं ठेवायचे, त्यात किती साचलं त्यावर पेरणी ठरायची. तिकडं विलायतेत एका डॉक्टरानं अडीचशे वर्षांपूर्वी तीन डबे ठेवले. एक जमिनीजवळ, एक घराच्या छपरावर, एक देवळाच्या उंच मनोऱ्यावर. जितका उंच डबा, तितका पाऊस कमी भरला. लोक कितीतरी वर्षं त्यावर भांडत राहिले. शेवटी कळलं, वर वारं जास्त, ते थेंब डब्यावरून उडवून नेतं.

अप्पा मान डोलवत ऐकत होता. ‘उंच डबा’ म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर एक गच्ची आली आणि तो मनातल्या मनात हसला.

“तू कशाला पडली गं या पावसाच्या मागं?” त्यानं विचारलं.

“माझी आई दरवर्षी कोयता घेताना म्हणायची, पाऊस पहिल्यासारखा राहिला न्हाई, म्हणून जावं लागतंय,” ती म्हणाली. “मला बघायचंय अप्पा, खरंच राहिला न्हाई, की आम्हाला नुसतं तसं सांगत आले सगळे.”

संक्रांतीनंतर तिचा फोन आला. अप्पानं तो जगदेवीलाही ऐकू यावा म्हणून मोठ्या आवाजावर लावला.

“अप्पा, दोन्ही रजिस्टरं ताडून पाहिली. वीस वर्षांपूर्वीपासून रहमतचाचांचा आकडा एकदम खाली येतो. दहा मिलिमीटरला एक कमी, कायमचा. तुमचा येत नाही. विक्रमी पावसाच्या दिवशी तर त्यांच्याकडे नुसते एक्कावन्न, बिघाड तिथूनच सुरू होतो. म्हणजे पाऊस कमी झालेला नाही, चाचांच्या मोजण्यातच काहीतरी बिघडलंय. तुम्हाला काही ठाऊक आहे का? त्यांचा डबा कुणी हलवला होता का? तसं कळलं तर मला तेवढा फरक दुरुस्त करून त्यांचं रजिस्टर घेता येईल. चाचांना काही आठवत नाही, आवारातच होता म्हणतात. अल्ताफभाई तेव्हा हैदराबादला होते.”

जगदेवी सुपातले हरभरे तसेच धरून त्याच्याकडे बघत होती.

“मला काय ठाव बाई,” अप्पा म्हणाला. “शाळंतून तिकडं कुठं जाणं व्हायचं.”

“मग त्यांचं रजिस्टर मला बाजूला ठेवावं लागेल. कारण माहीत नसलेला बिघाड पुस्तकात घेता येत नाही. तुमचं घेते. तुमचा तो एकशे बावन्न पॉइंट चार पहिल्याच प्रकरणात येतोय. आणि विज्ञान दिनाला, अठ्ठावीस फेब्रुवारीला, तुमच्या शाळेतच तुमचा सत्कार करायचा ठरवलाय.”

फोन बंद झाल्यावर जगदेवी म्हणाली, “अवं, गच्चीवर न्हेलता की त्यांनी डबा. महिनाभर तुमीच बोंबलत होतात.”

“तू हरभरे निवड.”

“येवढं सांगायला काय जात होतं तुमचं?”

“छत्तीस वर्सं त्याचं नाव ऐकलं मी! एक पुस्तक माझ्या नावाचं निघालं तर तुला कावून बघवत न्हाई?”

जगदेवीनं सूप पुढ्यात ओढलं. पण त्या दिवशी हरभऱ्यात खडे राहिले.

अप्पाला आनंद झाला होता, हे इथं लपवण्यात अर्थ नाही. त्याला अतोनात आनंद झाला होता. आणि असा आनंद घरात एकट्यानं खाववत नाही, ज्याच्यावर मात करून मिळवलाय त्याला दाखवावा लागतो. म्हणून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यानं अर्धा किलो पेढे घेतले आणि तो रहमतुल्लाच्या घरी गेला.

रहमतुल्ला अंगणात खाटेवर बसला होता. वाळून अर्धा झाला होता. नात समिना उर्दू शाळेत शिकवायची, ती त्याला चहा पाजत होती. आभाळ कोरडं ठणठणीत. अप्पाला बघताच म्हाताऱ्याच्या तोंडावर ओळख उमटली.

“अप्पा, किती झाला?”

“फेब्रुवारी हाय, रहमतभाई. शून्य.”

“लिवला का?”

“लिवला,” अप्पा म्हणाला आणि पेढ्यांचा पुडा समिनाच्या हातात दिला. पुस्तकाची, सत्काराची बातमी त्यानं सांगितली, जरा मोठ्यानंच. रहमतुल्लानं ती लक्ष देऊन ऐकली आणि पुन्हा विचारलं, “किती झाला?”

“असंच करतात आता,” समिना हळू आवाजात म्हणाली. “कुणीबी आलं तरी हेच. कालचं ध्यानात राहत न्हाई. स्वप्नालीताईंनी परवा रजिस्टरं परत पाठवली. तेवढी उशाशी घेऊन झोपतात.”

रजिस्टरं खाटेवरच होती. अप्पानं एक उचललं. आकडे सुबक, एका रेषेत. याही वयात त्याला ते अक्षर खुपलं. उलट्या बाजूनं, शेवटच्या पानापासून, काहीतरी उर्दूत लिहिलेलं होतं.

“हे काय?”

“दादाजानचं मनचं लिखाण. रोज रात्री दोन ओळी. ताईंना उर्दू येत न्हाई, त्यांना वाटलं दुवा-बिवा असतील. आमीबी कधी वाचलं न्हाई.”

जळणाऱ्या माणसाला एक जिज्ञासा कधी सोडत नाही: आपल्यामागं तो आपल्याबद्दल काय बोलतो? अप्पानं ते साल काढलं, भाद्रपद काढला आणि रजिस्टर समिनापुढे केलं. “वाच बरं. माझ्याबद्दल काय लिवलंय बघू.”

समिना बोट फिरवत, मराठी करत वाचू लागली.

“आज शाळेत एकशे बावन्न पॉइंट चार. माझ्याकडे एक्कावन्न पॉइंट आठ. जाऊन अप्पांचा डबा पाहिला. तोंड मोजलं, बरोबर आहे. जागा मोकळी आहे. अप्पा साडेआठ चुकवत नाहीत, ते आकडा चुकवणार नाहीत. खोट माझ्याच जागेत असणार. आवारातलं कडुलिंबाचं झाड आडवं येत असेल. साहेबांना विचारून डबा गच्चीवर नेतो.”

तिनं पान उलटलं. “गच्चीवरही अप्पांपेक्षा कमीच भरतो. माझाच हात बिघडला की काय. पाटी काढली. चुकीचा आकडा चौकात टांगू नये.”

आणखी काही होतं, पण अप्पानं हात वर केला. समिनानं रजिस्टर मिटलं आणि त्याला पाणी हवं का विचारलं. तो नको म्हणाला, उठला आणि चपला घालायच्या विसरून फाटकापर्यंत गेला. समिनानं त्या आणून दिल्या.

त्या दिवसापासून अप्पाला अन्न गोड लागेना. आणि राग कुणाचा यायचा? रहमतुल्लाचाच! माणसानं एकदा तरी संशय घ्यावा की नाही? दोन दुणे चारसारखी गोष्ट, दीड किलोमीटरवर शंभर मिलिमीटरचा फरक, आणि हा शहाणा स्वतःच्या डब्यात खोट शोधतो, स्वतःच्या हातात शोधतो, पाटी उतरवतो, एका शब्दानं विचारत नाही की अप्पा, तू काय लिहिलंस. इतका विश्वास टाकायला याला सांगितलं होतं कुणी? आयुष्यभर त्याचं अक्षर, त्याची पाटी, त्याचं घड्याळ यांवर अप्पा जळला. आता त्याला दिसलं की त्याहून मोठी गोष्ट त्या माणसाकडे होती, आणि ती काही केल्या आपल्याला येण्यासारखी नव्हती. त्याचाही त्याला हेवाच वाटला. दुसरं काही वाटायची सवयच नव्हती.

स्वप्नालीला सांगावं, तर काय होईल तेही त्याला स्वच्छ दिसत होतं. एक आकडा खोटा निघाला की बाकीचे तेरा हजार कोण खरे धरील? हळदीच्या बोटाचं शून्यही खोटं ठरेल. छत्तीस वर्षांच्या सकाळी एका फटकाऱ्याखाली जातील. न सांगावं, तर रहमतुल्ला बिघडलेल्या हाताचा म्हणून राहील, आणि तो हात अप्पानंच बिघडवलेला.

दहा दिवस त्यानं फोन उचलला आणि ठेवला. अकराव्या दिवशी सकाळी गळ्यातल्या लिंगाची पूजा झाली, घड्याळात साडेआठ वाजले, आणि इतकी वर्षं त्या वेळेला आकडा सांगितला तसाच त्यानं फोन लावून सांगितला.

“स्वप्नाली, ल्हून घे. त्या दिवशीचा आकडा बावन्न पॉइंट चार. अलीकडचा एक मी नंतर काढलेला हाय. आन रहमतभाईचा डबा गच्चीवर होता. मला ठाव होतं.”

तिकडं पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

“कशासाठी, अप्पा?”

“गाव त्याला इचारायचं म्हणून,” अप्पा म्हणाला. दुसरं कारण नव्हतं.

ती त्याला टाकून बोलली नाही, बोलली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली की चाचांचं रजिस्टर आता घेता येईल, डबा उंचावर गेल्याचा फरक दुरुस्त करता येईल. अप्पाचं रजिस्टर मात्र तिला बाजूला ठेवावं लागेल. बाकीचे आकडे खरे असतील, तिचा विश्वासही आहे, पण पुस्तकात विश्वास लिहिता येत नाही. अप्पा तिला म्हणाला, “बरुबर हाय पोरी. नियमच हाय तो.” तिच्या आईच्या प्रश्नाचं उत्तर आता दुसऱ्याच्या आकड्यांतून निघणार होतं.

विज्ञान दिनाला शाळेच्या मैदानात मांडव उभा राहिला, पण सत्कार आता रहमतुल्लाचा होता. अप्पा तिसऱ्या रांगेत बसला. रहमतुल्लाला बसवत नव्हतं, म्हणून शाल समिनानं घेतली. टाळ्या वाजल्या. अप्पानंही वाजवल्या आणि वाजवताना त्याची नजर त्या शालीवरून हलली नाही. पश्चात्तापानं हेवा जातो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, तो ठाण मांडून बसलेला असतो. मांडवाच्या मागं कुंपणातला त्याचा जुना डबा गंजून उभा होता आणि त्याच्या नरसाळ्यात कुणीतरी चहाचा कागदी कप टाकला होता. जाता जाता त्यानं तो काढला.

मग घरी न जाता तो रहमतुल्लाकडे गेला. समिना त्याच्या आधी पोचली होती. शाल म्हाताऱ्याच्या खांद्यावर होती आणि ती कशाची हे त्याला ठाऊक नव्हतं. अप्पा खाटेच्या कडेला टेकला. काय बोलायचं ते त्यानं वाटेत दहादा जुळवलं होतं.

रहमतुल्लानं त्याच्याकडे पाहिलं आणि रोजचंच विचारलं.

“अप्पा, किती झाला?”

“बावन्न पॉइंट चार,” अप्पा म्हणाला. “एकशे बावन्न न्हाई, रहमतभाई. नुसता बावन्न. तवाबी बावन्नच होता.”

म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. ओठ हलले, थांबले. थरथरणारं बोट खाटेवर एक आकडा गिरवत असल्यासारखं फिरलं.

“बावन्न?” तो म्हणाला. “माझा एक्कावन्न आलाय.” आणि वीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं मान हलवली. “मंग जुळतंय की, अप्पा.”